रब्बींच्या हातचा कागद

रब्बी म्हणजे यहुद्यांचा भटजी, अशी जी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळते ती इतिहासाला धरून नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जमीनदोस्त केल्यावर बलिदानाशी बांधलेले पौरोहित्य व्यवहारातून उठल्यासारखेच झाले, आणि त्याच्या रिकाम्या जागी जो पुरुष हळूहळू उभा राहिला तो शास्त्रार्थ सांगणारा पंडित, तंटे तोडणारा न्यायाधीश, मुलांना आणि मुलांच्या बापांनाही शिकविणारा अध्यापक, आणि प्रसंग आलाच तर राजदरबारी समाजाची कैफियत मांडणारा वकील, असा चौपेडी अधिकाराचा मनुष्य होता. ज्या समाजाला राज्य नाही, फौज नाही, सर्वांनी मान तुकवावी असे एक पीठ नाही, आणि ज्याची घरे बगदादपासून बार्सिलोनापर्यंत परक्यांच्या मुलखांत विखुरलेली आहेत, त्याला एका धर्मशास्त्राच्या सूत्रात ओवून ठेवण्याचे काम अनेक शतके ज्या साधनाने केले ते साधन म्हणजे पत्र.

एखाद्या गावातला नवरा व्यापारासाठी समुद्रापार गेला आणि परतलाच नाही. त्याची बायको पुनर्विवाहास मोकळी आहे की नाही, हा पेच गावच्या पंडिताला सुटेना, म्हणजे तो सारा साक्षीपुरावा तपशीलवार लिहून काढी आणि एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती आपल्याहून थोर अशा दूरच्या रब्बीकडे रवाना करी. पुष्कळ महिन्यांनी, कधी वर्षानेही, उत्तर येई, आणि त्या उत्तराबरहुकूम गाव वागे. पैठणच्या ब्रह्मवृंदाच्या निर्णयपत्राची वाट पाहणारी गावे ज्यांना आपल्या इतिहासातून ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. तेराव्या शतकात बार्सिलोनाला बसून श्लोमो बेन अद्रेत या पंडिताने अशी जी उत्तरे धाडली त्यांतील तीन हजारांहून अधिक आज छापील रूपात उपलब्ध आहेत. पण छापील रूपात, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. उत्तराची नक्कल वहीत उतरली, वहीच्या नकला झाल्या, पुढे मुद्रणकला आल्यावर वहीचा ग्रंथ झाला. आणि ज्या कागदावर त्या थोर पुरुषाने स्वतः बोरू चालविला होता तो कागद, त्यातील निर्णय अमलात आल्यावर, जुन्या पावतीसारखा कुठल्यातरी पेटीत पडून राहिला किंवा नाहीसा झाला. मजकुराला अधिकार होता. हस्ताक्षराला कोणी पुसत नव्हते. ज्या कागदांसाठी आज न्यूयॉर्क आणि जेरुसलेम येथील लिलावांत चढाओढ लागते त्यांची त्यांच्या जन्मकाळी ही स्थिती होती.

असा एक कागद प्रत्यक्ष कसा दिसे, ते पाहण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा एकोणिसाव्याच्या आरंभी मध्य युरोपातल्या एखाद्या रब्बीने लिहिलेले पत्र घेतले तर बहुधा त्याला स्वतंत्र लखोटा नसतो; लिहिलेलाच ताव घडी घालून लाखेने चिकटविलेला असतो आणि पत्ता त्याच्याच पाठीवर असतो. माथ्यावर ईश्वराचे साहाय्य मागणारी दोन आद्याक्षरे, त्याखाली तारीख. आणि ती तारीख पुष्कळदा महिन्याच्या दिवसाने न सांगता, त्या आठवड्यात सभास्थानी तोरेचा, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचा, जो पाठ वाचला जाणार त्याच्या नावाने सांगितलेली. मग मायना. आपल्या जुन्या पत्रांतील वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजश्री यांच्या पंक्तीत सहज शोभून दिसेल अशी विशेषणांची लांबलचक माळ पत्र घेणाऱ्याच्या नावामागे गुंफलेली असते, आणि ती संपल्यावरच मजकुराला तोंड फुटते. लिपी हिब्रूच, पण ग्रंथातली चौकोनी नव्हे, तर भराभर लिहिण्यासाठी घडलेली वळणदार. जो बालबोध वाचतो त्याला मोडी वाचता येईलच असे नाही, तसाच इथला प्रकार. शब्दोशब्दी संक्षेप, वचनांचे नुसते पहिले दोन शब्द, आणि उरलेले वाचणाऱ्याला पाठ असणार हा भरवसा. मायन्यात दुसऱ्याला पर्वताएवढा करणारा लेखक सहीच्या जागी मात्र स्वतःच्या नावापाशी 'लहान' अशा अर्थाचा शब्द घालून मोकळा होतो. प्रेसबुर्गचे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाचे, रब्बी मोशे सोफेर (१७६२–१८३९) हे हंगेरीतील यहुद्यांचे सर्वांत वजनदार धर्माधिकारी. प्रेसबुर्गच्या गादीवर त्यांनी तीसहून अधिक वर्षे काढली, पण अखेरपर्यंत सही केली ती 'मोशे, लहान, सोफेर, मुक्काम मूळचा फ्रांकफुर्ट आम माइन' अशाच अर्थाची. जन्मगाव सुटले तरी सहीतून सुटले नाही.

सोफेर यांचे सासरे, पोझनचे रब्बी अकिवा एगर (१७६१–१८३७), यांच्या पत्रांत तर व्यवहारज्ञानाचा एक निराळाच झरा लागतो. १८३१ साली पटकीची साथ पोझनपर्यंत आली तेव्हा त्यांनी आपले शिष्य रब्बी एलियाहू गुटमाखर यांना लिहिले की, सभास्थानात गर्दी होऊ देऊ नका, एका वेळी पंधरा माणसांपलीकडे प्रार्थनेला जमू नयेत, आणि हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यास माणूस उभा करा. त्या साथीतील त्यांच्या बंदोबस्ताबद्दल प्रशियाच्या राजाने त्यांची प्रशंसा केली. याच एगरांनी आपली शास्त्रीय उत्तरे छापावयाची ठरली तेव्हा मुलाला बजावले होते की कागद चांगला वापरा, शाई काळीभोर असू द्या, टाइप देखणा निवडा; कारण सुंदर छापलेल्या पुस्तकातून वाचताना मन प्रसन्न होते. मजकुराला शरीरही असते हे ओळखणारा असा पंडित विरळा, आणि पुढे ज्या संग्राहकांनी त्यांचे हस्ताक्षर जिवापाड जपले त्यांना या एका पत्राने मोठाच दिलासा दिला असेल.

परंतु दुसऱ्याची पत्रे गोळा करून वाचणे हे यहुदी धर्मशास्त्राला मान्य आहे काय? इ. स. १००० च्या सुमारास ऱ्हाइनकाठच्या मायन्झ शहरी रब्बेनू गेर्शोम या नावाचे जे पंडित होऊन गेले, त्यांच्या नावावर काही बहिष्कारयुक्त आज्ञा चालत आल्या आहेत. पुरुषाने एका बायकोवर दुसरी करू नये, स्त्रीला तिच्या संमतीशिवाय काडीमोड देऊ नये, या दोन आज्ञा प्रसिद्धच आहेत. तिसरी अशी की, दुसऱ्याच्या नावचे पत्र त्याच्या परवानगीवाचून कोणी फोडू वा वाचू नये. टपालखाते नव्हते, पत्र वाटसरूच्या खिशातून जाई, आणि त्यातल्या भावताव-उधारीची बातमी फुटली तर धंदा बुडे, हे कारण उघड आहे. पुढे या आज्ञेची खूण म्हणून पत्राच्या पाठीवर काही संक्षिप्त अक्षरे लिहिण्याची चाल पडली. कुंपण मोडील त्याला साप डसेल, या शास्त्रवचनाचा तो इशारा असे. आज अशी पाठीवर सर्पदंशाची ताकीद वागवणारी पत्रे काचेच्या पेटीत उघडी मांडलेली पाहताना थोडे हसू येते खरे. पण शास्त्रकारांनी काळाच्या ओघात टाकून दिलेल्या कागदाला आणि कर्त्यापुरुषांच्या मृत्यूनंतरच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली, आणि ती ठेवली नसती तर मध्ययुगीन यहुद्यांचा निम्मा इतिहास लिहिताच आला नसता.

हा निम्मा इतिहास वाचविला कोणी, असे विचारले तर माझे उत्तर संग्राहकांच्या बाजूचे नाही. तो वाचविला अडगळीने. ज्या कागदावर ईश्वराचे नाव आले तो जाळू नये, फाडू नये, उकिरड्यावर टाकू नये, अशी यहुदी रीत आहे. असे जीर्ण कागद सभास्थानाच्या एखाद्या कोठडीत साठवीत आणि पुढे दफन करीत. या कोठडीला गेनिझा म्हणतात. कैरोजवळील फुस्तात येथील बेन एझ्रा सभास्थानात मात्र दफनाचे काम राहून गेले ते जवळजवळ हजार वर्षे राहिले, आणि तिथल्या लोकांनी देवाचे नाव आहे की नाही याची चिकित्सा न करता हिब्रू लिपीतला दिसेल तो कागद आत टाकला. शास्त्रग्रंथांबरोबर वाण्याची यादी, लग्नाचा करार, मुलाने गिरविलेली अक्षरे, थकलेल्या कर्जाचा तगादा, सारे एका ढिगात. मिसरच्या कोरड्या हवेने ते राखले. १८६४ साली याकोव्ह सफीर हा जेरुसलेमचा प्रवासी, जो त्यापूर्वी मुंबई आणि कोचीनही पाहून गेला होता, त्या ढिगात दोन दिवस धूळ खात बसला आणि फारसे काही हाती न लागता परतला. १८९६ च्या मे महिन्यात ॲग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या विदुषी जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेली काही पाने केंब्रिजचे सॉलोमन शेक्टर यांनी ओळखली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः कैरोला पोहोचले. कैरोच्या प्रमुख रब्बींची परवानगी मिळाली; शेक्टरांनी अंधाऱ्या कोठडीत तोंडाला-नाकाला धूळ लावून घेत जे उपसले त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला गेले. त्या धुळीने त्यांची प्रकृती कायमची बिघडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्याकडे त्यानंतर दोनच वर्षांत वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाड्यांच्या माळ्यांवरून दफ्तरे उतरवीत हिंडणाऱ्या त्या तापट पुरुषाला शेक्टरांचे दुःख आणि आनंद दोन्ही न सांगता कळले असते.

त्या ढिगातूनच मोशे बेन मैमोन यांचे हस्ताक्षर वर आले. स्पेनमध्ये ११३८ च्या सुमारास जन्मलेले, मिसरमध्ये स्थायिक झालेले, दिवसा सुलतानाच्या दरबारातील वैद्यकी आणि रात्री धर्मशास्त्र असा संसार करणारे हे तत्त्वज्ञ यहुद्यांच्या मध्ययुगातील सर्वांत मोठे नाव होय. ११६८ साली क्रुसेडर राजा अमाल्रिक याने बिलबैस हे मिसरचे गाव लुटून माणसे कैद करून नेली, तेव्हा खंडणी भरून कैद्यांना सोडविण्यासाठी वर्गणी मागणारी मैमोनींच्या सहीची पत्रे गेनिझात मिळाली आहेत. त्या पत्रांत तत्त्वज्ञान कुठेच नाही. पैसे गोळा करणाऱ्या, माणसे धाडणाऱ्या, निकड सांगणाऱ्या पुढाऱ्याची ती भाषा आहे. त्यांच्या शास्त्रग्रंथाचे खोडाखोडीने भरलेले मसुदेही सापडले, आणि ज्याने धर्मशास्त्राला सर्वांत निर्मळ, आखीव रूप दिले त्याचा बोरू किती घाईत चाले आणि किती वेळा माघारी फिरे हे त्यामुळे कळले.

पण या ढिगातील जे पत्र वाचल्यावर विसरता येत नाही ते मैमोनींनी लिहिलेले नाही. त्यांना आलेले आहे. त्यांचा धाकटा भाऊ दावीद हा जवाहिरांचा व्यापारी. घरचा सारा खर्च तो पाही आणि थोरल्याला अध्ययनास मोकळे ठेवी. सुमारे ११७० साली तांबड्या समुद्रावरील ऐदाब बंदरातून त्याने भावाला कळविले की, तांड्यापासून फुटून आपण एकाच सोबत्यासह वाळवंट पार केले, तसे करणे वेडेपणाचे होते. बंदरात पोहोचलो तर इथे घेण्याजोगा माल नाही, म्हणून आता हिंदुस्थानला जाण्याचे ठरविले आहे. आपण काळजी करू नये, आणि घरच्यांना धीर द्यावा. हिंदी महासागरात दावीद बुडाला, स्वतःच्या नि दुसऱ्यांच्या पैशांसकट. पुढे बऱ्याच वर्षांनी अक्का येथील एका स्नेह्याला मैमोनींनी लिहिले की, त्या बातमीनंतर आपण वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, आणि अजूनही त्याचे अक्षर किंवा त्याचे एखादे पुस्तक दृष्टीस पडले की काळीज उलटेपालटे होते. हस्ताक्षराला मोल कशामुळे येते, या प्रश्नावर जे काही लिहिले गेले आहे त्यात याहून अधिक कोणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही. ऐदाबचे ते पत्र आज केंब्रिजला आहे. ते कोणी जपले म्हणून टिकले असे म्हणवत नाही. कुणीतरी एके दिवशी ते त्या कोठडीत टाकले, एवढेच.

याच मैमोनींनी आयुष्याच्या उत्तरार्धात दक्षिण फ्रान्समधील ल्युनेलच्या पंडितांना जे पत्र धाडले त्यात हिंदुस्थानातील यहुद्यांविषयी ओझरते वाक्य येते: त्यांना लिखित धर्मशास्त्र ठाऊक नाही, परंतु ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामवार, पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी एकेकाळी घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणविले जाणारे आपले बेने इस्राएल या वाक्यात आपल्या पूर्वजांना पाहतात. पत्रात किनाऱ्याचे नाव नाही, त्यामुळे ठामपणे काही म्हणता येत नाही. तरी वर्णन चपखल बसते हे कबूल करावे लागते.

अडगळीचा महिमा सांगणारे दुसरे उदाहरण एगरांच्या त्या शिष्याचेच आहे. पटकीच्या साथीत ज्यांना पंधरा माणसांचा नियम लिहून आला ते एलियाहू गुटमाखर पुढे ग्रेट्झ गावचे रब्बी झाले, आणि त्यांच्या हातून चमत्कार होतात अशी ख्याती पसरल्यामुळे, त्यांची स्वतःची इच्छा असो वा नसो, दूरदूरचे गरीब यहुदी त्यांच्याकडे चिठ्ठ्या घेऊन येऊ लागले. मूल होत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, मुलगा सैन्यात धरून नेला, दुकान चालत नाही, घरमालक घालवून देतो. अशा सहा हजारांहून अधिक चिठ्ठ्या १९३२ साली तेथील माळ्यावर सापडल्या आणि व्हिल्नाच्या यिवो या यहुदी संशोधनसंस्थेकडे गेल्या. युद्धाच्या वणव्यातूनही त्या निभावल्या, आणि आज न्यूयॉर्कला आहेत. थोर रब्बींच्या सहीच्या कागदाला गिऱ्हाईक मिळते. पण एका काळातील गरिबांचे मन जाणून घ्यावयाचे असेल तर त्यांच्याकडे आलेल्या या मळक्या चिठ्ठ्यांइतका सच्चा साक्षीदार नाही. लिलावात त्यांना कोणी हात लावला नसता.

हस्ताक्षर हे स्वतंत्रपणे मोलाचे, ही भावना यहुदी समाजात दोन वाटांनी आली. एक वाट युरोपीय अभिजनांच्या छंदाची: एकोणिसाव्या शतकात गटेचे, बेटहोफेनचे अक्षर जमविणारे हौशी लोक जर्मन शहरांत निपजले, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या शिकलेल्या यहुद्यांना वाटले, आपलेही गटे आहेत. दुसरी वाट भक्तीची. पोलंड-युक्रेनच्या हसिदी पंथात सिद्धपुरुषाचे सारेच पवित्र, त्याच्या ताटातले उरलेले अन्नदेखील प्रसाद म्हणून वाटले जाई. मग त्याने स्वहस्ते लिहिलेल्या आशीर्वादाच्या दोन ओळी घरात असणे म्हणजे रोगराईपासून आणि आगीपासून अभय, ही श्रद्धा ओघानेच आली. ज्या कागदाला मजकुरामुळे किंमत होती त्याला आता स्पर्शामुळे किंमत आली, आणि जिथे स्पर्शाला किंमत येते तिथे बनावट माल येण्यास वेळ लागत नाही.

तसा तो आला. पहिल्या महायुद्धाचा आणि रशियन राज्यक्रांतीचा गोंधळ चालू असताना, १९१८ साली, हसिदी पंथाचे प्रवर्तक इस्राएल बाल शेम तोव (मृत्यू १७६०) आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतील पुरुष यांची शेकडो पत्रे एकाएकी ओडेसाच्या बाजारात अवतरली. त्यांची हकीकत अशी सांगण्यात आली की, १८३८ साली रुझिनचे रब्बी इस्राएल यांना झारच्या सरकारने अटक केली तेव्हा त्यांच्या घरचे कागद जप्त होऊन सरकारी दफ्तरखान्यात पडले, आणि क्रांतीच्या लुटालुटीत ते खेरसोन शहरातून बाहेर आले. लुबाविच या हसिदी शाखेच्या एका धनिक अनुयायाने ती विकत घेऊन आपल्या गुरूंना अर्पण केली. पंथाला ज्या मूळ पुरुषाच्या हातची फारशी ओळ उपलब्ध नव्हती त्याची पत्रेच्या पत्रे मिळाली, हा आनंद केवढा असेल ते सहज कळते. १९३५ ते १९३८ या काळात वॉर्सामधून निघणाऱ्या 'हातामीम' या नियतकालिकातून त्यांतील बरीच प्रसिद्धही झाली. आणि मग अभ्यासकांनी ती तपासावयास घेतली. पत्रांवरील तिथ्या आणि ज्ञात जन्ममृत्यूंच्या नोंदी यांचा मेळ बसेना. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांची शैली एकच दिसे. आणि जे प्रसंग छापील हसिदी कथांतून आधीच ठाऊक होते नेमके त्यांचेच दाखले या पत्रांत भरलेले. १९५३ साली दाव्हिद त्स्वी हिलमन यांनी जेरुसलेममध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पत्रसंग्रहात हा मुद्देमाल सविस्तर मांडला. आज विद्वानांच्या लेखी ही पत्रे बनावट ठरलेली आहेत. मूळ नसतील, पण मुळाच्या नकला असाव्यात, अशी भूमिका काही अनुयायांनी घेतली.

मला यात कारागिराची लबाडी जितकी दिसते तितकीच गिऱ्हाइकाची निकड दिसते. बाल शेम तोव यांचे एक पत्र खरे म्हणून सर्वमान्य आहे: पवित्र भूमीत राहणाऱ्या आपल्या मेहुण्याला, रब्बी गेर्शोन यांना, त्यांनी आपल्या आत्म्याच्या ऊर्ध्वलोकगमनाची हकीकत लिहिली, आणि ते पत्र पोचविण्यास आपले शिष्य याकोव्ह योसेफ यांच्या हवाली केले. शिष्याचे जाणे रहित झाले, पत्र त्याच्याकडेच राहिले, आणि १७८१ मध्ये त्याच्या एका ग्रंथाच्या शेवटी छापले गेले. म्हणजे खरे पत्र उरले ते पोचले नाही म्हणून. आणि पोचलेली म्हणून जी विकली गेली ती खोटी निघाली.

श्रद्धेच्या आणि धंद्याच्या या दोन टोकांमध्ये निर्मळ मनाचा संग्राहक म्हणून एक नाव घ्यावेसे वाटते. गॅलिशियातील झोलोचोवजवळ १८७८ साली जन्मलेला अब्राहाम श्वाड्रोन हा प्रसिद्ध रब्बी घराण्यातला मुलगा. व्हिएन्नात रसायन आणि तत्त्वज्ञान शिकला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून यहुदी थोरांची हस्ताक्षरे आणि चित्रे जमवू लागला. रब्बींबरोबरच कवी, शास्त्रज्ञ, चित्रकार, राजकारणी, सारे त्याच्या कपाटात शेजारीशेजारी आले. ज्या दोन पंडितांनी हयातीत एकमेकांवर बहिष्कार घातला असता त्यांनाही वर्णानुक्रमाने एकाच खणात बसावे लागले. १९२७ साली तो जेरुसलेमला गेला, सारा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकला, आणि पुढे शारोन हे नाव घेऊन १९५७ मधील मृत्यूपर्यंत त्यात भर घालीत राहिला. राजकारणात हा गृहस्थ अत्यंत टोकाचा आणि कडवट होता, आणि त्याच्याशी पुष्कळांचे पटत नसे. पण विकावयाचे नाही, लपवावयाचे नाही, सार्वजनिक ठिकाणी ठेवावयाचे, हे त्याचे तत्त्व हस्ताक्षरांच्या छंदात दुर्मिळच. त्याच्या पद्धतीविरुद्ध एकच बोलता येईल: ज्याला प्रत्येक थोराची एकेक ओळ हवी असते त्याच्या संग्रहात माणसे पुष्कळ भेटतात आणि एकाशीही नीट बोलणे होत नाही.

दुसऱ्या संग्राहकाला मुंबईचा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. दाविद सॉलोमन ससून यांचा जन्म १८८० साली मुंबईत झाला. वडील वारल्यावर त्यांच्या आई फ्लोरा ससून यांनी मुंबईच्या पेढीचा कारभार काही वर्षे स्वतः चालविला. हिब्रू शास्त्रांत त्यांची गती एवढी होती की लंडनला गेल्यावर रब्बी लोकही त्यांच्याशी शास्त्रचर्चा करीत. मुंबईच्या या बगदादी यहुद्यांना स्वतःचा मोठा धर्माधिकारी नव्हता; अडले की प्रश्न बगदादला जाई. बगदादचे रब्बी योसेफ हयीम (मृत्यू १९०९) यांच्या उत्तरसंग्रहात मुंबईहून आलेला एक प्रश्न आहे: पायाने चालविण्याची दोन चाकांची नवी गाडी निघाली आहे, तीवर शब्बाथच्या दिवशी बसावे काय? रब्बींनी ही सायकल कधी चालविली असेल असे वाटत नाही, पण त्यांनी सर्व बाजूंनी विचार करून अनुज्ञेचा कौल दिला, आणि पुढच्या पिढ्यांतील पंडितांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. अशा प्रश्नोत्तरांच्या वातावरणात वाढलेल्या मुलाला हस्तलिखितांचा नाद लागावा हे नवल नव्हे. ससूनांनी आपल्या संग्रहाची 'ओहेल दाविद' ही द्विखंडी सूची १९३२ साली प्रसिद्ध केली. त्या संग्रहात मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेवरील मैमोनींच्या भाष्याचे स्वतः त्यांच्या हातचे मानले गेलेले दोन भाग होते. आणि हे अक्षर खरोखर त्यांचेच काय, या वादात निर्णायक पुरावा ठरला तो ऑक्सफर्डच्या एका पोथीवरील त्यांचे स्वहस्ताचे प्रमाणपत्र आणि गेनिझातील फाटके तुकडे यांचा. कपाटातल्या रत्नाची जामिनकी अशी माळ्यावरच्या कचऱ्याने दिली. ससून संग्रहाचे लिलाव १९७५ पासून झाले. मैमोनींचे ते दोन्ही भाग जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील यहुद्यांबरोबर त्यांचे कागदही गेले, आणि कोणी काय वाचविले याच्या कथा एका निबंधात मावणाऱ्या नाहीत. एकच सांगतो. लॅटव्हियातील द्विन्स्कचे रब्बी योसेफ रोझेन (१८५८–१९३६) हे शास्त्रीय प्रश्नांची उत्तरे पोस्टकार्डावर देत; त्यांत वाक्ये थोडी आणि ग्रंथांच्या पानांचे आकडे फार, त्यामुळे एकेक कार्ड उलगडण्यास पंडितांना दिवस लागत. त्यांच्या निधनानंतर कन्या रेखेल त्सित्रोन पॅलेस्टाइनहून द्विन्स्कला आल्या, आणि रोझेन यांचे उत्तराधिकारी इस्राएल आल्टर साफर्न-फुक्स यांच्यासह त्यांनी वडिलांच्या हस्तलिखितांची छायाचित्रे घेऊन त्या बारीक फिल्मा टपालाने अमेरिकेला धाडण्याचा सपाटा लावला. जर्मन सैन्य येईपर्यंत हे चालू होते. दोघेही मारले गेले. पाकिटे न्यूयॉर्कला पोचली होती, आणि मेनाहेम मेंडेल काशेर यांनी पुढे त्यांवरून ग्रंथ सिद्ध केले.

अखेरचा प्रसंग न्यायालयातला आहे. लुबाविचचे सहावे गुरू योसेफ इत्झाक श्नेअरसोन १९४० साली अमेरिकेत पोचले तेव्हा त्यांचे ग्रंथालय पोलंडमध्ये अडकून राहिले होते. ते परत मिळावे म्हणून १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे विद्वान ग्रंथपाल अलेक्झांडर मार्क्स यांना पत्र लिहिले, आणि विनंती केली की, हे ग्रंथ साऱ्या समाजाचा धार्मिक ठेवा आहेत असे आपण सरकारला कळवावे. गुरू १९५० मध्ये वारले. १९८५ साली, पुढे ब्रुकलिनला आलेल्या त्या ग्रंथालयातून शेकडो दुर्मिळ ग्रंथ हळूहळू गायब होत आहेत असे ध्यानात आले; ते गुरूंच्या नातवाने नेले होते, आणि त्याचे म्हणणे असे की, आजोबांची मालमत्ता वारसाहक्काने आपल्याकडे येते, चोरीचा प्रश्नच नाही. पंथाची फिर्याद संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांच्यापुढे चालली, आणि मार्क्स यांना लिहिलेले ते पत्र हाच पंथाचा मुख्य दस्तऐवज ठरला. प्रतिपक्षाने युक्तिवाद केला की ग्रंथ सोडवून घेण्यासाठी वापरलेली ती केवळ कामचलाऊ भाषा होती. न्यायाधीशांनी तो फेटाळला. पत्र भाषांतरातही मनापासून लिहिलेले वाटते, आणि अशा चारित्र्याचा पुरुष एक लिहील आणि दुसरेच मनात धरील हे संभवत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. ६ जानेवारी १९८७ रोजी निकाल लागला: ग्रंथालय समाजाचे. अपिलातही तो त्याच वर्षी कायम झाला, आणि जे ग्रंथ मिळाले ते ब्रुकलिनला परत आले.